आहेर पुकारायला

बाबांना लकवा झाला त्या वर्षीही लग्नपत्रिका नेहमीइतक्याच आल्या. काही पोस्टाने, काही कुणाच्या हातून आणि बहुतेक बाबांच्या फोनवर. खाली सगळ्यांच्या तीच ओळ, हेच आग्रहाचे निमंत्रण समजून यावे. पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांना आई ओळखत नव्हती. मी तर कुणालाच नाही.

ही सगळी बाबांची माणसं. नात्यातली नव्हेत आणि मित्र म्हणावेत अशीही नव्हेत. बाबा सोलापूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचे आणि माईकवरून गाड्या पुकारायचे. कुणाचं पाकीट मारलं, कुणाचं म्हातारं माणूस गर्दीत चुकलं, कुणाला गावाकडे निरोप धाडायचा असला की लोक त्या खिडकीशी यायचे. बाबा काम करून द्यायचे आणि विसरून जायचे. ती माणसं विसरायची नाहीत. घरात लग्न निघालं की खिडकीतल्या साहेबांना पत्रिका यायची. अशाच एका लग्नात आहेर पुकारणारा माणूस आला नाही, म्हणून कुणीतरी बाबांच्या हातात माईक दिला. तेव्हापासून ते काम त्यांच्याकडेच आलं. रिटायर झाल्यावर तर लग्नसराईत ते घरी सापडायचे नाहीत.

शहरातल्या हॉलमध्ये पाकीट देऊन फोटो काढला की आहेर संपतो. गावाकडे अजून तो मांडवात माईकवर पुकारतात. कुणी, कुणाला, काय दिलं ते सगळ्यांना ऐकू जातं. लहानपणी मी बाबांबरोबर जायची आणि स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसून हे बघायची. दुसरे पुकारणारे वस्तू आणि रक्कम खणखणीत सांगायचे. मोठ्या रकमेला त्यांचा आवाज चढायचा, टोपी-टॉवेलला उतरायचा, आणि टोपी-टॉवेल दिलेला माणूस कुणाकडे न बघता जेवणाच्या पंगतीकडे निघून जायचा. बाबा असं करत नसत. मामाचा आहेर पहिला, मग भावकी, मग सोयरे, मग गावकरी, हा क्रम ते कधी चुकवायचे नाहीत. पण दिलं काय, ते कधीच सांगायचे नाहीत. "अमुक मंडळींकडून वधूपित्यास मानाचा पोशाख." टोपी असो की सफारीचं कापड, तो मानाचा पोशाख. पाकीट जाड असो की पातळ, ती वधूस सप्रेम भेट. असं पुकारलं की देणारा माणूस स्टेजवरून ताठ मानेनं उतरायचा. मी ते बघत राहायची.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, आणि चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. त्यांनी मला हौसेनं इंग्रजी शाळेत घातलं. घरात मी मराठीच बोलते, पण मांडवातलं मराठी मला येत नाही. 'चि. सौ. कां.' म्हणजे काय, हे मी कॉलेजला गेल्यावर त्यांना विचारलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी पत्रिका मांडीवर घेऊन एकेक शब्द समजावून सांगितला, आजोबांच्या नावामागे कै. का लिहितात तिथपर्यंत.

लकव्यात त्यांचा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. पाय काठीच्या आधारानं थोडा परत आला. हात आणि बोलणं आलं नाही. त्यांना समजतं सगळं. पेपर वाचतात, मॅच बघतात, आईनं भाजीत मीठ कमी टाकलं की चेहऱ्यावर दिसतं. पण पाणी मागायचं असलं की तोंडातून 'हो हो हो' असं काहीतरी येतं. मग ते मान हलवतात, हे नाही, हे नाही, आणि डोळे मिटून घेतात. डॉक्टरांनी मला त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, नाव काय करायचंय, औषध विचार.

अशा घरात पत्रिका येत होत्या. प्रत्येक पत्रिकेबरोबर एकच प्रश्न यायचा, आता काय करायचं. या माणसांना काही पाठवावं, की नुसता शुभेच्छांचा मेसेज करावा? मला वाटायचं, इतकी लांबची ओळख आहे, मेसेज पुरे. आईला ते पटायचं नाही. ती म्हणायची, आहेर नाही नेला तर चालतं, पण माणूस गेलं पाहिजे. माणूस न जाता वस्तू पोचली की त्याचा अर्थ पाठ सोडवून घेतली असा होतो. पण जाणार कोण? आई बाबांना सोडून हलू शकत नव्हती. मी एकटी अनोळखी मांडवात जाऊन उभी राहीन, ही कल्पना आम्हा तिघांपैकी कुणीच केली नाही. मग टॉवेल, टोपी, खण असं पिशवीत घालून आम्ही त्या गावाला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचो. एकदा मी कंटाळून एकांना फोनवरून पैसे पाठवले. त्यांनी ते लगेच परत पाठवले आणि खाली लिहिलं, साहेब पाहिजेत.

खरं काय ते एकदा सगळ्यांना सांगून टाकावं, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. सुरुवातीलाच एकांचा फोन आला तेव्हा मी बाबांच्या शेजारी बसून म्हणाले, काका, बाबांना जरा... आणि पुढं बोलायच्या आत बाबांनी डावा हात लांब करून माझं तोंड दाबलं. जोरात दाबलं, ओठ दातांवर चेपले. पलीकडून काका हॅलो, हॅलो म्हणत होते. बाबांनी मला आयुष्यात कधी चापटसुद्धा मारली नव्हती. मी मान हलवली तेव्हा त्यांनी हात काढला. मग मी सांगितलं की बाबा गावाला गेलेत.

त्यानंतर तेच. गावाला गेलेत. घसा बसलाय. मीटिंग आहे. रिटायर माणसाला कसली मीटिंग, असं एकानं विचारलं, तेव्हा मी फोन आईकडे दिला.

मग एक दिवस सकाळी बाथरूममधून बाबांचा आवाज आला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. बार्शीमार्गे लातूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे."

स्वच्छ, एकेक अक्षर सुटं, स्टँडवर यायचा तसाच. आई कणकेच्या हातानं धावली. बाबा ओल्या अंगानं दारात उभे होते. ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आई म्हणाली, परत म्हणा. त्यांनी परत म्हटलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. मग मी विचारलं, बाबा, चहा की कॉफी? ते तोंड उघडून थांबले. बराच वेळ थांबले. हो हो हो.

स्पीच थेरपीच्या मॅडमनी समजावून सांगितलं. जन्मभर पाठ झालेलं बोलणं डोक्यात वेगळ्या जागी असतं. आकडे, वार, आरत्या, शिव्यासुद्धा. ते आलं म्हणून आपलं बोलणं आलं असं होत नाही. बाबा शांतपणे ऐकत होते. रिक्षात बसल्यावर त्यांनी डावी मूठ तोंडापुढे धरली, माईक धरल्यासारखी. मग त्याच हातानं अक्षता टाकल्यासारखं केलं आणि माझ्याकडे बघितलं.

मला कळलं. आहेर पुकारणंही पाठच होतं. मामाकडून, भावकीकडून, मानाचा पोशाख, सप्रेम भेट. हजारदा म्हटलेलं. गाडी आली तर आहेर का येणार नाही? मी घरी येऊन मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, कदाचित. एवढ्या एका शब्दावर आम्ही पुढची सगळी तयारी केली.

केम गावची पत्रिका त्याच आठवड्यात आली. तिथले एक शेतकरी, मुलीचं लग्न. त्यांची आई कधीतरी स्टँडवर चुकली होती आणि ती सापडेपर्यंत बाबा तिचं नाव पुकारत राहिले होते, एवढीच ओळख. मागोमाग त्यांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"सायेब हायत का? त्यानला सांगा, आहेर पुकारायला यायचंच. तुमच्याबिगर कोन पुकारनार?"

बाबांनी मान डोलावली. मी म्हणाले, येतील.

मग आम्ही घरी सराव केला. मी समोर बसून म्हणायची, वधूच्या मामांकडून, आणि बाबांनी पुढचं म्हणायचं. त्यांचे ओठ हलायचे, गळ्याची शीर फुगायची, आवाज यायचा, शब्द नाही. मी दुसरं वाक्य द्यायची. मग तिसरं. एकदाही आलं नाही. ते डाव्या हातानं खोली दाखवायचे, भिंत, दिवाण, टीव्ही, आणि हात झटकायचे. इथे नाही येणार, तिथे येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. माईक, मांडव, माणसं समोर असली की. आई म्हणाली, जाऊ दे त्यांना, नाहीतर मनात राहील. मी म्हणाले, आणि नाही आलं तर? आई पिशवी भरू लागली. वधूच्या वडलांना टॉवेल-टोपी, आईला खण, नवरीला सोलापूरची चादर आणि पाकीट. मीही जास्त ताणलं नाही. मलाही त्यांचा आवाज ऐकायचा होता. खरं सांगायचं तर आईपेक्षा मलाच जास्त.

पॅसेंजरनं आम्ही केमला गेलो. स्टेशनवर त्यांची जीप उभी होती. मांडवाच्या दारात वधूचे वडील पुढं आले, बाबांच्या पाया पडायला वाकले आणि काठी बघून थांबले.

"काठी कशापायी वो?"

पाय मुरगळलाय, असं आईनं सांगितलं. घसा पण बसलाय, असं मी मागून म्हणाले. त्यांनी लगेच कुणालातरी गरम दूध आणायला पिटाळलं. बाबा हसून हात जोडत होते, म्हणजे डावा हात उजव्याला लावत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक यायचे, नमस्कार करायचे, आपणच बोलायचे आणि निघून जायचे. मांडवात माणसाला फारसं बोलावं लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं, एवढंच पुरे. असंच बसावं, जेवावं आणि निघावं.

अक्षता पडल्या. जेवणाची पहिली पंगत बसली आणि स्टेजवर आहेर सुरू व्हायची वेळ आली. वधूच्या चुलत्यांनी माईक फुंकून बघितला आणि बाबांना हात धरून वर नेलं. घसा बसलाय हे कुणीतरी म्हणालं, तेव्हा ते म्हणाले, "दोन शब्द तरी बोला की. मग मी हाय." बाबांना नाही म्हणता आलं असतं. मान हलवून भागलं असतं. पण त्यांनी स्वतःच हात पुढं केला आणि माईक घेतला. काठी त्यांनी आधीच टेबलाला टेकवून ठेवली होती. पाठ सरळ केली. मी त्यांना इतकं सरळ उभं राहिलेलं लकव्यानंतर बघितलंच नव्हतं. वधूचे मामा ताटात कपडे घेऊन समोर उभे होते. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मांडवाकडे बघितलं, श्वास घेतला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," बाबा म्हणाले. "बार्शीमार्गे लातूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे."

मग मांडव हसला. पंगतीतली माणसं वळून बघायला लागली, मागून शिट्टी आली.

"ए बार्शीवाले, उठा, गाडी लागली तुमची."

"अजून भात न्हाय आला, थांबवा म्हनावं."

लोकांना ती गंमत वाटली. साहेबांनी मुद्दाम स्टँडवरचं बोलून दाखवलं, अशी. मी स्टेजपासून दहा-बारा पावलांवर होते. मला बाबांचा चेहरा दिसत होता. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी मान हलवली, हे नाही. डोळे मिटले. पुन्हा श्वास घेतला. मी मनात म्हणत होते, वधूच्या मामांकडून, वधूच्या मामांकडून. जणू मी जोरात मनात म्हटलं तर ते त्यांच्या तोंडातून निघणार होतं.

दुसऱ्यांदाही तेच आलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द जड उचलल्यासारखा. लोक आणखी हसले. मामांच्या हातातलं ताट हसण्यानं हलत होतं. नवरी मेंदीचा हात तोंडावर धरून हसत होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं. आणि मग बाबाही हसले. त्यांचं तोंड आता एकाच बाजूला हसतं. त्यांनी माईक चुलत्यांना दिला आणि काठी शोधायला हात मागं नेला. काठी सापडेना. मी तिथे पोचायला हवं होतं. पायरीपर्यंत गेले आणि लोक बघतायत म्हणून तिथेच उभी राहिले. काठी मामांनी दिली.

पुढचा आहेर चुलत्यांनी पुकारला, वस्तू आणि रक्कम सांगत. आमचाही. "सोलापूरचे सायेब, टावेल एक, टोपी एक, खन एक, चादर एक, पाकीट." बाबा खुर्चीवर बसून समोर बघत होते.

निघताना वधूच्या वडलांनी बाबांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. "सायेब, लई हसवलं तुमी. धाकटीच्या लग्नाला बी तुमीच."

गाडीत आई हळूच मला म्हणाली, "कुणाला कळलं नाही, तेवढं बरं झालं." कुणालाच कळलं नव्हतं, आणि मला गाडीच्या दारातून उडी मारावीशी वाटत होती.

घरी आल्यावर बाबांनी थेरपीला जायचं सोडलं. मॅडमनी दिलेली चित्रं समोर धरली की ते तोंड भिंतीकडे करायचे. पूर्वीचं 'हो हो हो' पण बंद झालं. पाणी हवं असेल तर ते काठी फरशीवर आपटायचे. आई रात्रंदिवस त्यांच्याशी बोलत राहायची, भाजीवाल्याचं, शेजारणीचं, काहीही, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडायची. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. कानाला हेडफोन लावून मी दिवसभर इंग्रजीत सगळ्यांशी व्यवस्थित बोलत होते आणि पलीकडच्या खोलीत माझे बाबा मुके होत चालले होते.

कुणीतरी मांडवातलं शूटिंग केलं होतं. ते फिरत फिरत बाबांच्याच फोनवर आलं, खाली हसरे चेहरे लावून. मी ते पुसून टाकलं. दोन दिवसांनी दुसऱ्याकडून आलं. तेही पुसलं. पत्रिका वाढल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं बोलावलं नव्हतं, त्यांच्याही यायला लागल्या.

मग बार्शीहून एकांचा फोन आला. मुलाचं लग्न होतं. त्या वेळी आई बाबांना भरवत होती आणि मी फोन सवयीनं स्पीकरवर टाकला होता.

"सायबांना घेऊन या बरं का," ते म्हणाले. "केमच्या लग्नात मी बी होतो, तशी गंमत झाली पायजे. आमच्या पोरानं पाह्यलंय ते, दहादा पाह्यलंय. मी व्याह्यांना बी सांगून ठेवलंय."

आईचा हात घासासकट थांबला. बाबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या हाताच्या अंतरावर होते. त्यांनी हात लांब केला असता तर माझं तोंड दाबता आलं असतं. मी वाट बघितली. त्यांनी हात हलवला नाही. ती परवानगी होती की त्यांच्यात तेवढीही ताकद उरली नव्हती, हे मला ठरवता आलं नाही.

"काका," मी म्हणाले, "ती गंमत नव्हती. बाबांना लकवा झालाय. त्यांना बोलता येत नाही. त्यांना आहेरच पुकारायचा होता, तोंडात दुसरं आलं."

पलीकडे लग्नघरचा आवाज चालू होता, भांड्यांचा, बायकांचा.

"कदीपास्नं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"आन् मांडवात आमी हसलो की गं सगळे," ते म्हणाले. मग आणखी काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. मग त्यांना कुणीतरी हाक मारली आणि, थांब, मी करतो फोन, असं म्हणून त्यांनी ठेवला.

आईनं घास ताटात ठेवला. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी घरातली शेवटची वस्तू विकून आले होते. मी बाबांकडे बघायचं टाळत होते. मग त्यांची काठी खाली पडली, म्हणून बघावंच लागलं.

ते पुढं वाकले होते. डाव्या हातानं त्यांनी दिवाणाची कड धरली होती आणि तोंड उघडलं होतं. ओठ एकमेकांना लागत होते, सुटत होते. गळ्यातून आवाज येत होता, केमनंतर पहिल्यांदा. त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं, मलाच. शिवी असेल, किंवा का सांगितलंस असेल, किंवा बरं केलंस असेल. त्यातलं काहीही असू शकत होतं. आईनं टीव्ही बंद केला. मी खाली फरशीवर त्यांच्या गुडघ्यांशी बसले, त्यांच्या तोंडाकडे बघत, आणि थांबले.